अंकगणिताचे मास्तर आणि सरकारचा जमाखर्च : गोपाळ कृष्ण गोखले

दहावी झाली की आमच्या दांडी गावातली, बोईसर-तारापूर भागातली बरीच मुलं कॉमर्सला जातात. मग पालक विचारतात, अर्थशास्त्र, बँकिंग, अकाउंट्स शिकायला गणित किती लागतं हो? पोरगं गणितात कच्चं आहे, झेपेल का? या प्रश्नाचं उत्तर मी नुसतं तोंडी देत नाही. एका माणसाचं चरित्र सांगतो. हा माणूस आधी अंकगणिताचा मास्तर होता आणि नंतर देशाच्या अंदाजपत्रकावर बोलायला उभा राहिला, तेव्हा व्हाइसरॉयच्या सभेत सगळे कान टवकारून ऐकायचे. त्याने वापरलेलं गणित आपल्या सातवी-आठवीच्या पुस्तकात आहे. टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी, एककांचं रूपांतर, संपलं.

गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यात, कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीला होते. घरची स्थिती बेताची. १८७९ मध्ये वडील गेले, तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव शिक्षण सोडून नोकरीला लागले. पगार महिना १५ रुपये. त्यातले ८ रुपये ते कोल्हापूरला शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवायचे.

इथे थोडं थांबू. १५ पैकी ८ म्हणजे शेकडा किती? ५३ टक्क्यांच्या वर. उरलेल्या ७ रुपयांत मोठ्या भावाने सगळं घर चालवायचं. मी हे उदाहरण वर्गात फळ्यावर घालतो. मुलं आधी झटकन भागाकार करतात आणि मग गप्प होतात. टक्केवारी म्हणजे काय, ते त्या गप्प होण्यात कळतं असं माझं मत आहे. गोपाळला तर ते रोज कळत होतं. तो स्वतः हाताने स्वयंपाक करायचा, दिव्याचं तेल वाचावं म्हणून रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करायचा असं सांगतात.

गोखल्यांची शाळेतली गणिताची गोष्ट आपण सगळेच सांगतो. गुरुजींनी घरी करायला दिलेलं अवघड गणित एकट्या गोपाळचं बरोबर आलं, कौतुक झालं, आणि तो रडू लागला, कारण त्याने ते दुसऱ्याच्या मदतीने सोडवलं होतं. गोष्ट चांगली आहे, जरूर सांगावी. पण ती तिथेच संपते आणि मुलांना वाटतं, गोखले म्हणजे प्रामाणिकपणाचा एक धडा. त्यांनी पुढे गणिताचं काय केलं हे कोणी सांगतच नाही.

१८८१ मध्ये मॅट्रिक, मग कोल्हापूरचं राजाराम कॉलेज, थोडे दिवस पुण्याचं डेक्कन कॉलेज, आणि शेवटी मुंबईचं एल्फिन्स्टन कॉलेज. १८८४ मध्ये गणित विषय घेऊन ते बी. ए. झाले. त्यांचं वय तेव्हा अठरा. इंजिनिअर व्हावं असं मनात आलं होतं, पण १८८५ च्या सुरुवातीला ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ३५ रुपये पगारावर शिक्षक झाले. पुढच्या वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले, म्हणजे अल्प पगारावर वीस वर्षं शिकवायचं असं वचनच दिलं. फर्ग्युसन कॉलेजात ते इंग्रजी, गणित, पुढे इतिहास आणि अर्थशास्त्र शिकवत. जो विषय पडेल तो शिकवायला तयार, म्हणून सहकारी त्यांची थट्टाही करत.

याच काळात ना. जि. बापट या सहकाऱ्याबरोबर त्यांनी अंकगणिताचं पाठ्यपुस्तक तयार केलं. ते देशात अनेक शाळांत वर्षानुवर्षं चाललं, त्याची भाषांतरं झाली, आणि त्याच्या मानधनाचा गोखल्यांना संसारात मोठा आधार झाला. आता योगायोग बघा. दादाभाई नौरोजी एल्फिन्स्टन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. टिळक गणित शिकवत. गोखले अंकगणिताचं पुस्तक लिहीत होते. देशाच्या गरिबीचा हिशेब मांडणारी ही माणसं गणिताच्या तासावरून उठून आलेली होती.

आकड्यांशी खरी गाठ घालून दिली ती न्यायमूर्ती रानडे यांनी. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचं काम गोखल्यांकडे आलं. सरकारी अहवाल वाचायचे, त्यातली कोष्टकं काढायची, टिपण लिहायचं, रानड्यांना दाखवायचं, आणि ते पुन्हा लिहून आणा म्हणाले की पुन्हा लिहायचं. दुसरा माणूस म्हणजे गणेश व्यंकटेश जोशी. हे सोलापूरच्या हायस्कुलात हेडमास्तर होते. सरकारी जमाखर्चाचे आकडे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नव्हते. गोखले त्यांना पत्रं लिहून आकडे विचारायचे, आपली मांडणी तपासून घ्यायचे. हायस्कूलचा हेडमास्तर सोलापुरात बसून साम्राज्याचं अंदाजपत्रक तपासतोय, ही गोष्ट आपल्या शिक्षक दिनाच्या भाषणांत यायला हवी, येत नाही.

१८९७ मध्ये भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला गोखले लंडनला गेले. वय तीस. मुरलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी उलटतपासणी केली आणि गोखले आकड्यांवर ठाम राहिले. पण त्याच मुक्कामात एक वाईट प्रसंग आला. पुण्यात प्लेगच्या वेळी सोल्जरांनी केलेल्या अत्याचारांबद्दल त्यांना पत्रांतून बातम्या कळल्या, त्या त्यांनी तिथे जाहीरपणे सांगितल्या, आणि परतल्यावर त्या सिद्ध करता येईनात. त्यांनी जाहीर माफी मागितली. त्यावरून त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. एकाच सफरीत साक्षीच्या आकड्यांनी त्यांना नाव दिलं आणि ऐकीव माहितीने ते घालवलं. पुढच्या त्यांच्या प्रत्येक भाषणात आकडा आधी आणि मत नंतर, असं जे दिसतं ते इथूनच पक्कं झालं असावं, असं मला वाटतं.

आता मुख्य गोष्ट. फिरोजशहा मेहतांच्या जागी गोखले व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गेले आणि २६ मार्च १९०२ रोजी अंदाजपत्रकावर पहिल्यांदा बोलले. अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन. अर्थखातं सर एडवर्ड लॉ यांच्याकडे. सरकारला सुमारे सात कोटी रुपयांची शिल्लक पडली होती आणि बाकीचे सदस्य अभिनंदन करत होते. त्या काळी सदस्यांना अंदाजपत्रकावर मत देण्याचा अधिकारच नव्हता, फक्त बोलता येत असे. त्यामुळे हातात होतं ते फक्त गणित.

गोखल्यांनी अभिनंदन करायला नकार दिला. १८९६ पासून दुष्काळ, मग प्लेग, १८९९-१९०० चा पुन्हा मोठा दुष्काळ. रयत मेटाकुटीला आलेली आणि तिजोरी भरलेली. हे दोन्ही एकदम कसं? त्यांनी शिल्लक या शब्दालाच हात घातला. शिल्लक म्हणजे वजाबाकी. जमा वजा खर्च. वजाबाकीचं उत्तर मोठं आलं म्हणून घर सुखी आहे असं होत नाही, कारण लोकांकडून गरजेपेक्षा जास्त घेतलं तरी उत्तर मोठंच येतं.

मग ही शिल्लक आली कुठून? इथे एककांचं रूपांतर लागतं. भारत सरकारला दरवर्षी इंग्लंडमध्ये मोठी रक्कम भरावी लागे. कर्जावरचं व्याज, अधिकाऱ्यांची पेन्शनं, लष्कराचा खर्च. ही रक्कम दीड कोटी पौंडांच्या वर जाई. भरायची सोन्याच्या पौंडात, पण कर गोळा व्हायचा चांदीच्या रुपयांत. एक पौंड म्हणजे २० शिलिंग, शिलिंगाचे १२ पेन्स, म्हणजे २४० पेन्स. चांदीचा भाव पडत गेला तसा रुपयाही पडला आणि १८९४-९५ च्या सुमारास तो १३ पेन्सांपर्यंत आला. २४० ला १३ ने भागा. एका पौंडाला साधारण १८ रुपये ७ आणे. सरकारने १८९३ मध्येच टांकसाळी खुल्या चांदीला बंद केल्या होत्या. नाणी कमी पडू लागली, रुपया हळूहळू चढला आणि १६ पेन्सांवर स्थिर झाला. आता २४० भागिले १६, बरोब्बर १५ रुपये. म्हणजे प्रत्येक पौंडामागे सरकारचे साडेतीन रुपयांच्या आसपास वाचले. आता त्याला कोटीने गुणा. मुलांना गुणू द्या, उत्तर आपण सांगायचं नाही.

गोखल्यांचा प्रश्न सरळ होता. रुपया पडला तेव्हा तूट आली म्हणून तुम्ही कर वाढवले. रुपया सावरला, तूट गेली. मग वाढवलेले कर अजून का चालू आहेत? शिवाय आता द्यायचा रुपया पूर्वीपेक्षा महाग आहे. शेतकऱ्याचा माल परदेशात गेला तर एका पौंडाच्या मालाचे त्याला १८ ऐवजी १५ रुपये मिळणार, सारा मात्र तेवढेच रुपये. आकडा तोच, ओझं वाढलं.

वाढवलेल्या करांत सगळ्यात झोंबणारा होता मिठाचा. १८८८ मध्ये मिठावरचा कर मणाला २ रुपयांवरून अडीच रुपये केला होता. (मिठाचा विषय निघाला की मुलं विचारतात, सर, गांधीजी आपल्याच दांडीला आले होते ना? नाही बाळांनो. १९३० ची दांडी गुजरातेत, नवसारीजवळ. आपली दांडी पालघर तालुक्यातली. पण मासे खारवायला मीठ लागतंच, त्यामुळे हा कर आपल्या किनाऱ्याला परका नाही.)

अडीच रुपये मण हे ऐकायला काहीच वाटत नाही. तोंडी हिशेब करू. अडीच रुपयांचे आणे किती? ४०. मणाचे शेर किती? ४०. म्हणजे शेराला एक आणा कर. मिठाची मूळ किंमत बाजूलाच, हा नुसता कर. गोखल्यांनी काँग्रेसच्या व्यासपीठावर हेच फोड करून दाखवलं होतं, की पैशाच्या मिठाची टोपली गरिबाला पाच आण्यांना पडते. आण्याचे पैसे चार, पाच आण्यांचे वीस. एकाला वीस. हे गुणोत्तर समजायला कॉलेज लागत नाही.

आणखी एक पायरी. माणशी वर्षाला दहा शेर मीठ धरलं तर कर झाला दहा आणे. दादाभाईंनी काढलेलं भारतीय माणसाचं सरासरी वार्षिक उत्पन्न होतं २० रुपये, म्हणजे ३२० आणे. ३२० पैकी १०, तीन टक्क्यांच्या वर. आणि ही सरासरी आहे! सरासरीत संस्थानिकही आले आणि सावकारही आले. भूमिहीन मजुराला हे प्रमाण याहून जास्त पडणार, आणि श्रीमंताला ते जाणवणारही नाही, कारण श्रीमंत माणूस शंभरपट मीठ खात नाही. गोखले एकूण आकड्यावर कधी थांबत नसत. देशात मीठ एवढे लाख मण खपलं, असं सरकार म्हणे. ते त्याला लोकसंख्येने भागत आणि कर वाढल्यानंतर दरडोई वापर घटला, हे दाखवत. डॉक्टरांच्या मते शरीराला लागतं त्याहून कमी मीठ माणसाच्या पोटात जातंय, हा त्यांचा मुद्दा भागाकारातून आलेला होता.

पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, सरकारने मिठावरचा कर अडीचवरून २ रुपये केला. प्राप्तिकर न लागणाऱ्या उत्पन्नाची मर्यादाही वर्षाला ५०० रुपयांवरून १००० केली. १९०५ मध्ये मिठाचा कर दीड रुपया झाला, १९०७ मध्ये एक रुपया. हे एकट्या गोखल्यांमुळे झालं असं मी म्हणणार नाही, मागणी अनेकांची होती. पण दरवर्षी मार्चमध्ये तोच हिशेब नव्या आकड्यांनी मांडणारा माणूस एकच होता.

या चार आकड्यांवर टक्केवारीचा अख्खा धडा घेता येतो. माझ्या मते फायनान्स शिकणाऱ्याने सगळ्यात आधी हा धडा पक्का करावा. २ चा अडीच झाला, वाढ किती? २५ टक्के. अडीचचा पुन्हा २ झाला, घट किती? वर्गातले निम्मे हात २५ वर जातात. उत्तर २० टक्के. फरक अर्ध्या रुपयाचाच, पण पहिल्यांदा भागलं २ ने आणि दुसऱ्यांदा अडीचने. पुढे २ चा दीड, घट २५ टक्के. दीडचा एक, घट ३३ आणि एक तृतीयांश टक्के. प्रत्येक वेळी कमी झाले आठच आणे. आणि अडीचवरून एकवर, एकूण घट ६० टक्के. २०, २५ आणि ३३ यांची बेरीज करणारा मुलगा ७८ सांगेल, त्याला रागवू नका, त्याला विचारा, कशाचे टक्के? रुपयाचंही तसंच. १३ पेन्सांचा रुपया १६ चा झाला म्हणजे २३ टक्के वर गेला, पण सरकारचा पौंडाचा खर्च पावणेएकोणीस टक्केच उतरला.

पालकांसाठी याच ओघात एक सांगतो, विषय थोडा बाजूला जातोय. कर्ज घेताना व्याज शेकडा १२ सांगितलं, की आधी विचारा, कशावर १२? एक लाख रुपये एका वर्षासाठी घेतले, दरमहा समान मुद्दल फेडलं आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर लावलं, तर व्याज १२ हजार. पण वर्षभरात तुमच्याकडे पूर्ण लाख होतेच कुठे? दरमहा फेड होत गेली. बारा महिन्यांची सरासरी थकबाकी निघते सुमारे ५४ हजार. ५४ हजारांवर १२ हजार म्हणजे बावीस टक्के. होडीसाठी कर्ज असो की गाडीसाठी, कागदावर सही करण्याआधी हा भागाकार पाच मिनिटांत होतो.

परत गोखल्यांकडे. १९०२ मध्येच ते फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. १२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. त्याच वर्षी बनारसच्या काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले. टिळकांशी मतभेद, सुरतची फूट, इंग्लंडच्या फेऱ्या, १९१२ मधला दक्षिण आफ्रिकेचा दौरा, हे सगळं आपल्या इतिहासाच्या पुस्तकात आहे, ते इथे पुन्हा लिहीत नाही.

शिक्षक म्हणून मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्यांचं १९११ चं प्राथमिक शिक्षणाचं विधेयक. सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना शिक्षण सक्तीचं करण्याची मुभा नगरपालिका आणि लोकल बोर्डांना द्यावी, एवढंच त्यात होतं. महिना दहा रुपयांपेक्षा कमी मिळकत असणाऱ्या पालकाकडून फी घ्यायची नाही, अशी तरतूदही होती. विरोधकांचं म्हणणं, पैसे कुठून आणणार? खर्चाचा बागुलबुवा उभा केला की चांगली योजना मरते, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी खर्च मांडून दाखवला.

शाळेत यायला हवीत अशी मुलं धरली १२५ लाख. दर मुलामागे वर्षाचा खर्च ५ रुपये, हा अंदाज सरकारच्याच शिक्षण अधिकाऱ्याचा. गुणाकार, सव्वासहा कोटी. आज खर्च होतोच आहे पावणेदोन कोटी, तो वजा. उरले साडेचार कोटी. यातला दोन तृतीयांश वाटा सरकारने उचलायचा आणि एक तृतीयांश स्थानिक संस्थांनी. सरकारच्या वाट्याला ३ कोटी. तेही एकदम नाही, दहा वर्षांत हळूहळू वाढत. १९०२ मध्ये एका वर्षाची शिल्लक सात कोटी होती, हे आठवा. उत्पन्न कमी पडलं तर आयात मालावरची जकात ५ टक्क्यांवरून साडेसात टक्के करा, असंही त्यांनी सुचवलं होतं. (इथे वर्गात जरूर विचारा, वाढ अडीच टक्के की ५० टक्के? अडीच टक्के-बिंदू, पण मूळ जकातीच्या मानाने ५० टक्के. रेपो दराच्या बातम्यांत हीच गल्लत रोज होते.)

गुणाकार, वजाबाकी, अपूर्णांक. चौथीतला मुलगा ही चार ओळींची मांडणी वहीत करू शकतो. आणि ती मांडणी होती चौथीपर्यंतही न पोचणाऱ्या मुलांसाठी.

१९ मार्च १९१२ रोजी विधेयक मताला आलं. बाजूने १३, विरुद्ध ३८. हे होणार याची त्यांना कल्पना होती. मतदानाआधीच्या भाषणात त्यांनी विरोधकांच्या एकेका आकड्याला उत्तर दिलं होतं. हिशेब चुकला, असं कोणी सिद्ध केलं नाही. तरी विधेयक पडलं.

तब्येत तेव्हाच ढासळली होती. मधुमेह, त्यात दमा. सार्वजनिक नोकऱ्यांच्या शाही कमिशनचं काम अंगावर होतं आणि ते अर्धवट सोडायची त्यांची तयारी नव्हती. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात ते वारले. वय अठ्ठेचाळीस. तीन वर्षांनी, १९१८ मध्ये, विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई कायदेमंडळात नगरपालिकांच्या हद्दीत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करता येईल असा कायदा मंजूर करून घेतला.